वरवंट्याचं अंगडं

रितिका लेकीला खांद्यावर घेऊन थोपटत होती, तेव्हा मोठ्या आईचा फोन आला.

“काय करून राहिली वं?”

“पोरीची ढेकर काढून राहिली. तू सांग, धान झालं का मळून-चुरून?”

“झालं. तनसीचे ढीगबी लागले. आता मले काही काम नाही, म्हणून कोणी विचारतबी नाही. येत्या रविवारी बारशाले पहिल्या एसटीनं निघते मी. आन आयक, माहा गोपा काढून ठेवजो. धुऊ नको बरं त्याले. मीच न्हाऊ घालीन.”

“हो,” रितिका म्हणाली.

एवढा एकच शब्द. तोंडातून सुटला तेव्हा कापसाच्या बोंडाएवढा हलका होता. फोन ठेवेस्तोवर त्याचा धोंडा झाला.

गोपा म्हणजे कोणी माणूस नव्हे, वरवंटा. घरात बाळ जन्माला आलं, की बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कोमट पाण्यानं न्हाऊ घालायचं, त्याला अंगडं-टोपडं चढवायचं, काजळाची तीट लावायची आणि आधी त्याला पाळण्यात निजवायचं. बायकांनी दोन्ही अंगांनी उभं राहून पाळण्याच्या वरून-खालून त्याला द्यायचं-घ्यायचं. कोणाची नजर लागायची असेल ती दगडाला लागो, आणि दगडाचा टणकपणा बाळाला लाभो. रिवाज पुष्कळ घरांत आहे. पण बहुतेक घरांत एका दिवसापुरता देव झालेला वरवंटा दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मिरच्या वाटायला जातो.

मोठ्या आईचा गोपा तसा नव्हता. मिरच्या तोही वाटायचा. पण वाटण झालं की मोठी आई त्याला धुवायची, पदरानं टिपायची आणि पाट्यावर आडवा निजवायची. उभा करून भिंतीला टेकवलेला तिला चालत नसे. “पाय दुखतीन त्याचे,” म्हणायची, आणि घरातले सगळे हसायचे. त्याचं अंगडं तिनं आपल्या हिरव्या लुगड्याच्या पदराचं हातानं शिवलं होतं, बरोब्बर त्याच्या मापाचं. वर गळ्याशी नाडी, खाली पिशवीसारखं बंद, आणि खसखशीएवढे बारीक टाके. बारसं कोणाचंही असो, न्हाऊ घालताना ती हळू आवाजात म्हणायची,

काळा माहा गोपा, आधी न्हाऊ त्याले
मागून लेकीले, तीट लावू.

कौशल्या हे तिचं नाव. रितिकाच्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. स्वतःचं लेकरू नाही, असं सगळे म्हणत आणि तीही कधी नाही म्हणत नसे. रितिकाची आई अनुसया लवकर गेली. तेव्हापासून वेणी घालणारे, ताप उतरवणारे, शाळेच्या डब्यात तिळाची चटणी घालणारे हात मोठ्या आईचेच. तांडापेठेतल्या त्या घरात पाट्यासमोर फतकल मारून बसलेली लहानगी रितिका एकदा वरवंटा उचलायला गेली, तो पायावर पडला आणि अंगठ्याचं नख गेलं. रडून झाल्यावर तिनं विचारलं होतं, “मोठ्याई, हा एवढा जड काहून आहे?”

मोठी आई जरा थांबली होती. मग म्हणाली, “तुह्याएवढा हाय वं. तू झाली तवा एवढीच होती. एका हातात तू, एका हातात हा, दोन्ही पारडे बराबर.”

रितिकाला ते इतकं आवडलं की तिनं शाळेत सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. दगड आणि आपण, जुळी भावंडं.

पुढे मोठे बाबा गेले. कुहीकडे धानाची शेती होती, ती बघायला म्हणून मोठी आई तिकडे राहायला गेली. जाताना पाटा, वरवंटा, अंगडं, टोपडं, सगळं नागपुरात ठेवून गेली. “माहा गोपा नेत नाही. तुह्या लेकराच्या पाळण्यासाठी राहू दे. सांभाळशीन ना?” रितिका तेव्हा एम.एस्सी. करत होती. पाळणा-बिळणा ऐकून लाजली होती, पण मान डोलावली होती.

आणि गेल्या वर्षी वडील, नत्थूजी, वारले, घर विकलं, सामान बेसा रोडवरच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवायचं ठरलं. ट्रकवाल्याच्या माणसानं ओट्यावरून हाक मारली, “मॅडम, ये पत्थर भी लेना है क्या?” रितिकाच्या कानाशी फोन होता. कॉलेजातून कोणी तरी प्रॅक्टिकलच्या मार्कांबद्दल विचारत होतं. तिनं दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातानं नुसतं ‘राहू द्या’ केलं.

तो हात आता तिला सारखा दिसत होता.

तिचा नवरा अभिजीत फोनच्या दुसऱ्याच दिवशी मिहानमधलं ऑफिस सुटल्यावर तांडापेठेत जाऊन आला. उतरलेलं तोंड घेऊनच आला.

“घर पाडलं त्यांनी. जितेंद्र म्हणून आहे नवा मालक. म्हणाला, पाटा कोणी तरी नेला. बाकीचा सगळा मलबा गल्लीत सिमेंट रोड होत होता तिथं खाली भरला. वरवंटा त्यातच गेला. त्यानं स्वतः टाकलेला आठवतो त्याला.”

“नक्की?”

“तो म्हणतो, एकदम गोल होता म्हणून ध्यानात राहिला.”

लेक झोपेत ओठ हलवत होती.

“अगं, सरळ सांगून टाक मोठ्या आईला,” अभिजीत म्हणाला. “त्या काय रागावणार आहेत?”

“रागावली तर बरं होईल. ती रागावणार नाही, हेच तर आहे. काय सांगू तिला? माझ्यापाशी आयुष्यात एकच गोष्ट ठेवायला दिली होतीस, ती मी रस्त्याखाली भरली?”

“मग दुसरा आणू. शेवटी दगडच—” त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

“दुसराच आणू,” रितिका म्हणाली. “पण असा, की तिच्या हाताला कळता कामा नये. डोळ्यांचं मी बघून घेईन, मोतीबिंदू आहे तिला. हाताचं कठीण आहे.”

ट्रंकेच्या तळाशी अंगडं-टोपडं होतं, डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेलं. ते हातात घेतलं आणि रितिकामधली बाई रडायच्या आत रितिकामधली भौतिकशास्त्राची मास्तरीण जागी झाली. दगड गेला होता, पण त्याची जागा राहिली होती. अंगडं त्याच्या अंगाबरोबर शिवलेलं. म्हणजे अंगड्याच्या आतली पोकळी हेच त्याचं आकारमान. तिनं नाडी सोडली, बूड नीट बसवलं आणि आत राजगिरा ओतायला सुरुवात केली. दाणे सरसर करत कोपऱ्याकोपऱ्यांत गेले. अंगडं भरत गेलं, फुगलं, गोल झालं, परातीत उभं राहिलं. वर टोपडंही भरून उपडं बसवलं. क्षणभर तिला वाटलं, गोपाच बसलाय समोर.

मग सगळा राजगिरा तिनं केकच्या मापाच्या भांड्यात मोजला. अकराशे मिलिलिटर.

आता वस्तुमान. ते तर लहानपणापासून ठाऊक होतं. ‘तुह्याएवढा हाय वं.’ आणि ती केवढी होती, हे बाबा दरवर्षी वाढदिवसाला सांगत: अडीच किलोच्या जराशी वर, दोन किलो सहाशे. वस्तुमान भागिले आकारमान. हजारदा फळ्यावर लिहिलेलं. सव्वीसशे भागिले अकराशे. दोन पूर्णांक छत्तीस.

उत्तराकडे ती बघत राहिली. काळ्या दगडाची घनता तीनच्या आसपास असते. या अंगड्यात बसणारा काळा दगड असता, तर तो तीन किलोच्याही वर गेला असता, सव्वातीनपर्यंत. आपण काय सव्वातीन किलोच्या झालो होतो? दोन पूर्णांक छत्तीस म्हणजे भुरा, वाळूचा दगड. कामठी-खापा भागात निघतो तसा.

“पण तू तर म्हणायचीस काळा होता,” अभिजीत म्हणाला.

“दिसायचा काळा. पन्नास वर्षं तेल, तिखट आणि काजळ खाल्लेला दगड पांढरा राहील का?”

“आणि ते गाणं? काळा माहा गोपा?”

“अरे, ओवीत सगळेच काळे असतात. कृष्णाचं नाव घेतलं की काळा आलाच.” ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. “आठवण काय, रोज रंग बदलते. आकडा बदलत नाही.”

वर्गात ती मुलांना हेच सांगायची. मुलं लिहूनही घेत.

रिंग रोडच्या कडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते आणि तुळशीवृंदावनं मांडून बसणारा कवडू बोलायला मोठा फाकडू माणूस होता. रितिकानं स्वयंपाकघरातला वजनकाटा, पातेलं आणि परात गाडीतून काढली, तेव्हा त्यानं दगड घडवायची टाकी खाली ठेवली.

“मॅडम, इथंच सैपाक करता का?”

“वरवंटा पाहिजे. भुरा. ह्या कापडात बसला पाहिजे.”

“काळा घ्या ना. भुरा झिजते. सासूबाई शिव्या देतीन.”

“भुराच पाहिजे.”

“घरी मिक्सर नाही का?”

“आहे.”

“मंग दगडाले कपडे काहून शिवले?”

रितिकानं काटा सपाट जागी टेकवला. काळा महाग, म्हणून हा काळ्याचा आग्रह करतोय, हे तिला कळत होतं. एकेक भुरा वरवंटा उचलून ती काट्यावर ठेवी. मग दोरीनं बांधून काठोकाठ भरलेल्या पातेल्यात सोडी, आणि परातीत सांडलेलं पाणी मापी. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबले. एकानं विचारलं, “काय, नकली दगड हाय का?” कवडूनं छाती फुगवून सांगितलं, “मॅडम दगडाची कुंडली पाहून राहिल्या. गुण जुळले त लगन लावून देतो.”

एक जुळला. दोन पूर्णांक चारच्या आतबाहेर. जरा जाडा होता. कवडूनं टाकीनं कडेकडेनं सोलला, घासून गोल केला, आणि अंगडं चढवून पाहिलं तर असं बसलं की जणू शिंप्यानं ह्याचंच माप घेतलं होतं. वजन दोन किलो सहाशेला दोन बोटांच्या चिमटीएवढं कमी. रितिकानं डोळे मिटून तो तळहातावर तोलला. हातात आपणच आपल्याला धरलंय, असं वाटलं.

घरी आणून तिनं त्याला जवसाचं तेल पाजलं. भुरा दगड तहानलेल्या जनावरासारखा तेल पीत गेला आणि काळवंडत गेला. शनिवारपर्यंत तो इतका जुना दिसू लागला, की अभिजीतनंच म्हटलं, “मला तर हाच खरा वाटतोय.”

रविवारी मोठी आई आली. पिशवीत नवे तांदूळ, आंबाडीची भाजी, आणि लेकीसाठी कापडाचा मोर. जिन्यात दम लागला होता. दारातच तिनं बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, अभिजीतला “कसे हाव जवाईबापू?” विचारलं, बाळाच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलांवर मोडली, पण बाळाला घेतलं नाही. “आधी गोपा,” म्हणाली. “त्याचा मान मोठा.”

बायका जमल्या होत्या. खालच्या मजल्यावरची मोनाली, अभिजीतची बहीण रुचिका, कॉलेजातल्या दोघी. मोनालीनं वरवंट्याचं अंगडं पाहिलं आणि म्हणाली, “अय्या, ह्याचा तर ड्रेस आमच्या पिंटूपेक्षा भारी. शाळेत कधी घालता ह्याला?”

“त्याले शाळा कशाले पाहिजे वं?” मोठी आई म्हणाली. “शिकला-सवरला त पाटा सोडून पुण्याले जाईन.”

सगळ्या हसल्या. रितिकाही हसली, पण तिचे डोळे मोठ्या आईच्या हातांवर होते.

मोठी आई न्हाणीच्या उंबऱ्याशी बसली. पाय लांब केले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, लेकराला न्हाऊ घालताना बसतात तशी. रितिकानं गोपा तिच्या हातांत दिला.

हात वर आले. जरा जास्तच वर आले. भरलेला समजून रिकामा हंडा उचलावा आणि झोक जावा, तसे. मग ते तिथंच थांबले. मोठ्या आईनं दगड पायांवर ठेवला. पुन्हा उचलला. तिची बोटं त्याच्या पोटावरून, डोक्यावरून, बुडावरून हळूहळू फिरली. तिनं वर पाहिलं नाही.

“पाणी सोसवंल असं हाय ना?” एवढंच विचारलं.

“हो, मोठ्याई.”

मग तिनं त्याला न्हाऊ घातलं. काही कमी केलं नाही. हळद लावली, पाणी घातलं, मऊ धडप्यानं टिपलं. आणि हळू आवाजात म्हणाली,

माहा गोपा, आधी न्हाऊ त्याले
मागून लेकीले, तीट लावू.

ओवीत पहिल्याच पावलाला खड्डा पडला. दुसऱ्या कोणाच्या कानाला तो लागला नाही; रितिकाच्या कानाला लागला. ‘काळा’ नव्हता. मोठ्या आईनं तो गिळला होता. ओवीत खोटं बोलायचं नसतं, म्हणून त्या शब्दाची जागा नुसती रिकामी ठेवली होती.

बारसं व्हायचं तसं झालं. वरवंटा पाळण्यावरून-खालून फिरला, देवाची नावं झाली, मग बाळ निजलं. आत्यानं, रुचिकानं, कानात ‘भूमिका’ नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. “अगं हळू, मी दगड नाहीये!” ती ओरडली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. पंगत उठली. दुपार कलली, तशी माणसं पांगली आणि अभिजीत रुचिकाला सोडायला गेला.

मोठी आई पाळण्यापाशी चटईवर बसून वरवंट्याचं अंगडं उतरवत होती. नाडी सोडली, अंगडं झटकलं, गुडघ्यावर ठेवून घडी घातली. दगड तसाच उघडा बाजूला होता. तिनं त्याला आडवं निजवलं नव्हतं.

“कोठून आणला वं हा?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. रितिका तिथंच खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. घर, ट्रक, फोन, हाताचं ते ‘राहू द्या’. राजगिरासुद्धा सांगितला. सांगताना मध्येच रडू आलं, पण राजगिऱ्याशी आल्यावर मोठ्या आईच्या ओठांत हसू हललं.

“राजगिऱ्यानं मापला? बाई बाई. लई डोकं लावलं.”

“पण कसं ओळखलंस, मोठ्याई? वजन बरोबर होतं. मी मोजून आणला. तूच म्हणायचीस ना, माझ्याएवढा आहे म्हणून. तेवढाच आहे तो, अगदी माझ्याएवढा.”

“हो. तुह्याएवढाच हाय.” मोठ्या आईनं दगडावर तळवा ठेवला. “तू चिमणीवाणी झाली होती. हातात घेतली त हातात काही आलं, असं वाटेच ना. हा तसाच हाय. बराबर आणला तू.”

“मग?”

मोठी आई बराच वेळ अंगड्याचा टाका नखानं चाचपत राहिली.

“तू लहान होती. नख गेलं होतं तुहं, रडत होती. विचारलं, एवढा जड काहून? मंग काय सांगू लेकराले? तुहं नाव सांगितलं. तुले बरं वाटलं, मलेबी बरं वाटलं.” तिनं गुडघ्यावरची घडी दाबून बसवली. “मले झाला होता एक. पोरगा. तुह्या लई आधी. पोटात लाथा मारे, असा का मी झोपेतून उठून बसो. भाईर आला आन रडला नाही. दाई म्हणे, नका देऊ तिच्या हातात. मी म्हटलं, द्या. त दिला. भरला होता वं चांगला. माहा हात खाली गेला त्याच्या वजनानं. तेवढंच. मंग नेला त्याले. कोठं ठेवला, ते मले कोणी सांगितलं नाही. बायांनी विचारू नये म्हनत.”

पाळण्यात भूमिकानं कूस बदलल्यासारखं केलं. मोठ्या आईनं न बघता पाळण्याची दोरी हलवली.

“सव्वा महिन्यानं मले पाट्यावर बसवलं. चटणी वाटाची होती. वरवंटा उचलला आन हात तसाच खाली गेला. तेवढाच. ना तोळाभर कमी ना तोळाभर जास्त. मी तिथंच बसून राहिली. सासू म्हणे, काय झालं? म्हटलं, मिरची लागली डोळ्याले.”

रितिकानं मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं. अकराशे मिलिलिटर बरोबर होतं. भागाकार बरोबर होता. फक्त वर जो आकडा मांडला, तो तिचा स्वतःचा होता, आणि तिथं दुसऱ्याच कोणाचा हवा होता. ज्याचं वजन कोणी केलं नव्हतं, नाव कोणी ठेवलं नव्हतं. तो आकडा मांडला असता, तर उत्तर काळं आलं असतं. आठवण काळी होती, ओवी काळी होती, रस्त्याकडेचा कवडूसुद्धा काळा घ्या म्हणत होता. ती एकटी आकड्यावर बसून राहिली, आणि आकडा लेकराला लाडानं सांगितलेल्या एका खोट्यावर उभा होता.

“मी उद्या काळा घेऊन येते,” ती घाईनं म्हणाली. “त्याच मापाचा. अगदी तेवढाच भरेल, मोठ्याई, मला माहीत आहे आता.”

“नको वं.” मोठ्या आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी वेणी सोडताना फिरवायची तसा. “तेवढे लई दगड भरतीन. हा राहू दे तुह्या लेकीले. तुह्याएवढा हाय, तिच्या कामाचा हाय. अंगडं मी नेते.”

तिनं अंगड्याची घडी कमरेला खोचली. रितिका त्या घडीकडे बघत राहिली. जाताना एकदा सगळं विश्वासानं ठेवून गेली होती ती बाई. आज तिनं काही म्हटलं नाही, फक्त कापडाचा एक तुकडा परत घेतला.

“त्याले कोठं टाकला म्हणे?”

“तांडापेठेत. आपल्याच गल्लीत. रस्त्याखाली.”

“एसटीच्या आधी दाखवजो मले.”

अभिजीत आल्यावर ते निघाले. भूमिका रितिकाच्या मांडीवर झोपली होती. मोठी आई पुढे बसली होती, पिशवी पायाशी घेऊन, खिडकीतून संत्र्यांच्या गाड्या बघत. गल्लीच्या तोंडाशी अभिजीतनं गाडी थांबवली, आणि बाळ त्याच्याकडे देऊन रितिका उतरली.

गल्ली ओळखू येत नव्हती. पूर्वीचा डांबराचा खाचखळगा गेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढुरका सिमेंटचा रस्ता, सपाट, सगळीकडे सारखा. घराच्या जागी तीन मजले उभे राहत होते. एक पोर सायकल शिकत होतं.

“कोणत्या जागी?” मोठ्या आईनं विचारलं.

रितिकानं रस्त्याकडे पाहिलं. तिला उत्तर देता आलं असतं तर तिनं सगळी पदवी-बिदवी देऊन टाकली असती.

“माहीत नाही, मोठ्याई. कोठंही असेल. इथून तिथपर्यंत कोठंही.”

मोठ्या आईनं मान हलवली. जुनं ओळखीचं उत्तर ऐकल्यासारखी. मग एका हातानं रितिकाचा खांदा धरून तिनं एक चप्पल काढली, मग दुसरी. दोन्ही उचलून हातात घेतल्या आणि ती रस्त्यावर चालू लागली, पाऊल टेकवताना जरा जपून, निजलेल्या माणसांमधून वाट काढावी तशी.

घराच्या बांधकामावरून जितेंद्रनं हाक मारली, “मावशी, काटा रुतला काय?”

“नाही बापा,” ती म्हणाली आणि चालत राहिली.

रितिकानं वाकून आपल्या सँडलचे पट्टे सोडले. सिमेंट दिवसभराच्या उन्हानं अजून ऊन होतं.